जावयाला मीच जेवायला बोलावला

नारळीभाताचा वास आला की मला पनवेलचं कोर्ट आठवतं. नवरा मारतो म्हणून पोरीने कोर्टातून हुकूम आणला होता, त्याने तिच्याजवळ फिरकायचं नाही. पण नारळी पौर्णिमेला जावयाला जेवू घालायची आमच्या घरची रीत, ती मी मोडतो कसला. पोरगी माझ्याच घरी राहत होती, तरी तिला न विचारता बोलावला. भरल्या ताटावरून उठून त्याने तिचा हात पिरगाळला. पोरीने तक्रार केली. कोर्टात त्याचा वकील म्हणाला, "सासऱ्यानेच बोलावलं, मग हुकूम मोडला कुठे?" माझ्यापायी पोरीची केस बुडते की काय, असं वाटलं. तरी खोटं बोलणं माझ्याच्याने होत नाही. मी मॅजिस्ट्रेटबाईंना सांगितलं, "मीच बोलावला. रीत हाय आमची." त्या म्हणाल्या, "आजोबा, हुकूम त्याला होता. तुम्ही बोलावलंत म्हणून त्याला यायची मोकळीक मिळत नाही." पुढे त्याला शिक्षा झाली. त्या दिवशी कोर्टाच्या पायरीवर पोरगी म्हणाली, "बाबा, आता पावना बोलावशील तर आधी मला इचार." मी म्हणालो, "बापाला शिकवतेस काय?" हल्ली विचारतो. पण तिने आठवण करून द्यायच्या आधीच, म्हणजे तिने बापाला शिकवलं असं होत नाही.