विहिणीचा पहिला घास

"थुक! थुक म्हंते न्हवं ते!"

"आत्ती, निस्तं सारण हाय गं. बोटाला लागलं, चाटलं."

"बोटाला लागलं तर फडक्याला पूस. तोंडात कशाला घालतीयास?"

"रोजच घालते की. तूच मागं लागतीस, चाखून सांग, चाखून सांग."

"रोजचं येगळं. ह्ये तुज्या लग्नाचं हाय!"

असं म्हणून तिसऱ्या आत्तीनं भाचीच्या मनगटावर लाटणं हाणलं. हळूच हाणलं, पण हाणलं. बिक-यू मोरीत गेली, पचकन थुकली, चूळ भरली. परत आली तेव्हा तोंड जरा वाकडं होतं. लाटणं लागलं म्हणून असेल, असं मला वाटलं. तसं नव्हतं ते, पण ते पुढं.

मी समोरचा छत्रीवाला. गिऱ्हाईक नसलं की लूक यांच्या रोटांच्या भट्टीच्या उंबऱ्यावर येऊन बसतो. चाळीस वर्षं बसतोय, तिथला दगड माझ्याच बुडाच्या मापानं झिजलाय.

आत्तीचं खरं नाव लूक यूट-हिंग. भावंडांत तिसरी, म्हणून भाचरांची तिसरी आत्ती, आणि बघता बघता साऱ्या घाटगल्लीची. तिच्याहून दहा वर्षांनी थोरले म्हातारेही तिला आत्तीच म्हणतात आणि तीही त्यांना पोरासारखं फाडकन बोलते. वय त्रेसष्ट. अंगानं वाळकी, पण दंड बघावेत तर नावाड्यासारखे. आयुष्यभर पीठ मळलेलं. पाण्यात भिजवलेली पारी, तिच्यात डुकराच्या चरबीचा साटा; लाटायचं, गुंडाळायचं, आडवं करून परत लाटायचं. मग तळहातात सारण भरून मूठ अशी फिरवायची की तोंड कुठं मिटलं ते कळू नये. भट्टीतनं रोट निघाला की त्याला नुसता वारा लागला तरी पापुद्रा उडावा. नाही उडाला तर आत्ती तो गिऱ्हाइकाला देत नाही, मला देते. माझं निम्मं आयुष्य तिच्या बिघडलेल्या रोटांवर गेलंय.

आमच्या शेकहाउ गावात लग्न ठरलं की नवरदेवाकडनं नवरीच्या घरी रोट जातात. लाल, पिवळे, पांढरे, तळहाताएवढे, वर तांबडा ठसा. नवरीची माणसं ते भावकीत वाटतात. सगळ्यांनी खायचे, फक्त नवरीनं नाही. नवरीनं आपल्या लग्नाचा रोट खाल्ला तर आपलं सुख आपणच खाल्लं, असं धरतात. आता गावात भट्टी एकच, लूक यांची. तेव्हा नवरदेवाच्या आईनं, म्हणजे ताम यांच्या सॉ-हानं, एकशेवीस डब्यांची मागणी नवरीच्याच घरी नोंदवली होती. डबे पुढच्या दारानं निघणार, हातगाडीवरनं पुलापर्यंत वाजतगाजत जाणार, पुलाला वळसा घालून परत त्याच दाराशी येणार. गल्ली आठ दिवस यावरच हसत होती.

आत्ती हसत नव्हती. तिला स्वतःचं लग्न आठवत होतं.

मला तो दिवस कालच्यासारखा दिसतो. सरकारनं काढून घेतलेलं दुकान परत लूक यांच्या नावावर होऊन दुसरंच साल. मधली वाईट वर्षं, जुन्या रीतीचं दिसेल ते जाळायची, आत्तीच्या बापानं, म्हाताऱ्या लूकनं, लाकडी साचे डुकरांच्या खोपटात पेंढ्याखाली पुरून काढली होती. ते बाहेर काढून धुतले, उन्हात वाळवले, तरी पहिले सहा महिने रोटांना खोपटाचा वास मारायचा. कुणी तक्रार केली नाही. इतक्या वर्षांनी रोटावर मोर उमटलेला दिसतोय म्हणून बायका नुसत्या हातात धरून बघत बसायच्या. तेव्हा तान नदीत घाटाला नावेला नाव लागलेली असायची, आणि भट्टीचा पहिला घाणा निघाला की नावाडी नावेतनंच हात वर करायचे. म्हातारा वरनं रोट फेकायचा, खाली झेलायचे. त्या झेलणाऱ्यांतलाच एक यूट-हिंगनं नवरा केला.

लग्नाच्या आठवडाभर आधी म्हाताऱ्याला पटकी झाली. तोंडात पाणी ठरेना, चाखणार कोण? घरात जीभ असलेली दुसरी ती एकटीच. तिनं रोट मोडून अर्धा खाल्ला, साखर कमी आहे म्हणाली, दुसरा घाणा लावला. दारात उभ्या चार बायकांनी ते बघितलं. आठ महिन्यांनी पावसाळी लोंढ्यात तिचा नवरा वाळूच्या नावेवरनं वाहून गेला. सासूनं दहाव्या दिवशी तिचं बोचकं दारात ठेवलं. "आपलं सुख खाल्लंस ते खाल्लंस, माजं पोरगंबी खाल्लंस," एवढंच म्हणाली. यूट-हिंग बोचकं घेऊन आली, बाह्या वर सारल्या, भट्टीपुढं बसली. ती अजून बसलीच आहे.

तर त्या दुपारी बिक-यूनं कढई खाली उतरवली. कमळबियांचं सारण, साखरेत आणि चरबीत परतून परतून कडा सोडलेलं, घोटलेल्या शिसवी लाकडासारखं चकाकत होतं.

"आत्ती," ती म्हणाली, "मी न्हाय खात. तू चाख की."

आत्तीनं चमच्याच्या टोकावर घेतलं, जिभेवर ठेवलं, डोळे मिटले. "झकास झालंय."

बिक-यू कढईकडं बघत राहिली.

"काय झालं? मूग गिळलेत व्हय?"

"कडू हाय आत्ती."

कमळबीच्या पोटात हिरवा कोंब असतो. बी चिरून तो काढायचा. ओंजळभर बियांत राहिला तर सगळी कढई कडू. पहाटे उठून आत्तीनं एकटीनं त्या बिया सोलल्या होत्या.

"तू थुकलीस की लगीच. तुला काय कळलं?"

"कडू कळाया काय पोटभर खावं लागतं?"

"चाळीस वरसं कोंब काढतीया मी! ह्या बोटांनी!"

"बोटांचं कोण बोलतंय? जिभेचं बोलतीया." बिक-यूचा आवाज उतरला. "त्या तापापास्नं तुला चव न्हाय. म्हाईत हाय मला. नासका टोफू खाल्लावतास तू, वर म्हनलीस ताजा हाय."

आत्तीचा हात कमरेवर गेला आणि तिथंच राहिला. मीही नजर गल्लीत वळवली. तीन वर्षं झाली त्या तापाला. गावात कितीकांची चव गेली, बहुतेकांची परत आली. आत्तीची आली नव्हती, आणि तिनं ते एका शब्दानं कुणाला कळू दिलं नव्हतं. 'चाखून सांग, शिकशील' म्हणत तिनं तीन वर्षं पोरीच्या जिभेवर भट्टी चालवली होती. आता नेमकी तीच जीभ आठ दिवस बंद.

"मग खाऊ दे मला," बिक-यू म्हणाली. "मी न्हाय असलं काय मानत."

"म्याबी मानत न्हाय."

"मग?"

"ताम घरातलं मानत्यात. तितं नांदायचं तुला हाय, मला न्हाय. उद्या तुज्या नवऱ्याला पडसं जरी झालं तरी बोट तुज्याकडं हुईल. एका घरात एक बास झाली."

मी म्हटलं, "मी चाखतो की."

दोघी एकदम वळल्या. "तू?" आत्ती म्हणाली. "चाळीस वरसं माजं करपलेलं खातूयास, येकदा तरी म्हनलास का करपलंय?"

मी बूड सावरून परत उंबऱ्यावर बसलो.

इतक्यात दारात विजेवरची दुचाकी थांबली आणि पुढच्या दांड्याला पायानं बांधलेली दोन बदकं ओरडली. ताम सॉ-हा. बाजारात बदकं विकते. आडवी बाई, आवाज असा की घाटावर बोलली तर पुलावर ऐकू जावं. डबे कुठवर आले ते बघायला आली होती.

"काय विहीणबाई, घाणा लागला का न्हाय? का नुस्ता धूर काढून दाखवताय गावाला?"

"या, बसा," आत्ती म्हणाली. "तुमचीच वाट बगत हुतो."

"माजी? कशापायी?"

मी चाळीस वर्षं आत्तीला ओळखतो, पण तिला खोटं बोलताना पहिल्यांदा बघितलं. तिनं पारीचा गोळा तोडला, त्यात ते सारण भरलं, मूठ फिरवली, तवा तापलेलाच होता त्यावर टाकला. हे करता करता, वर न बघता म्हणाली, "आमच्या घरची रीत हाय. लग्नाच्या रोटाचा पयला घास विहिणीनं खायाचा. त्याबिगर घाणा लागत न्हाय."

बिक-यूनं माझ्याकडं बघितलं. मी छताकडं.

"आसं?" सॉ-हा स्टुलावर बसली. स्टूल कुरकुरलं. "लई शानी रीत हाय. आमच्यात तर विहिणीला शेवटाला ईचारत्यात."

रोट झाला. आत्तीनं तो बशीत ठेवून दोन्ही हातांनी पुढं केला. सॉ-हानं फुंकर मारली, पापुद्रा उडाला. तिनं अर्धा एका घासात घेतला. आम्ही तिघं तिच्या जबड्याकडं बघत होतो. पहिल्यांदा तिच्या भुवया वर गेल्या, मग खाली आल्या. ती चावत राहिली. गिळलं. बशीत उरलेल्या अर्ध्याकडं बघितलं, मग आत्तीच्या तोंडाकडं बराच वेळ.

"पारी काय बोलायचं काम न्हाय," ती म्हणाली. "आशी पारी माज्या आईच्या लग्नात खाल्लीवती आसं आई सांगायची."

"आन् सारण?"

"सारण..." सॉ-हानं जीभ दातांवरनं फिरवली. "खरं सांगू का ग्वाड बोलू?"

"खरंच सांगा."

"कडू हाय. माज्या सासूगत."

आत्ती वळली. कढईचे दोन्ही कान फडक्यानं धरले आणि ती उचलून मोरीकडं चालली. चाळीस किलो तरी असेल. बिक-यू धावली, तिला तिनं कोपरानं बाजूला सारलं.

"थांबा, थांबा, कुठं निघालाय?" सॉ-हा उठली. "मोरीत वतताय व्हय? हिकडं आणा. माज्या बदकांस्नी हुतंय. त्यास्नी कोण ईचारतंय कडू का ग्वाड." मग आवाज खाली आणला. तिचा खालचा आवाजही मला उंबऱ्यावर ऐकू येतो. "चव गेलीया न्हवं? आमच्या मालकाची बी गेलीती त्या तापात. सालभर आमटीत मूठमूठ मीठ वतत हुता आन् वर मलाच म्हणायचा, तुला रांधाया येत न्हाय."

आत्तीनं कढई खाली ठेवली. "गेलीया," ती म्हणाली. तीन वर्षांत पहिल्यांदा म्हणाली. "आन् पोरीला मी खाऊ द्यायची न्हाय. त्ये तुमी माना न माना."

"म्या मानते," सॉ-हा म्हणाली. "का खोटं बोलू, मानते. माजी सासू मानायची, मीबी मानते. पर तुमच्या मालकाला रोटानं खाल्लं आसं गावात बोलत्यात, ते न्हाय मी मानत. त्या सालचा लोंढा मी बगितलाय. आमची बी नाव गेली त्यात. नदीनं खाल्लं, रोटानं कशाचं?"

हे सगळं ती उरलेला अर्धा रोट खाता खाता बोलली. कडू होता तरी खाल्ला. भुकेली असेल.

आत्ती तिच्याकडं बघत राहिली. डोळ्यांत पाणीबिणी काही नाही, ती तसली बाई नाही. नुसतं पिठानं पांढरं झालेलं बोट कपाळावर घासलं, तर कपाळावर ठसा उमटला.

"ही रीत," सॉ-हानं हात झटकत विचारलं, "विहिणीनं पयला घास खायाची. किती पिढ्यांची हाय म्हनायची तुमच्यात?"

आत्तीनं रिकामी बशी उचलून पुसायला घेतली.

"आजपास्नंची हाय," बिक-यू म्हणाली.

"मग मोडायची न्हाय," सॉ-हा म्हणाली. "उद्या दुसरी कढई उतरली की सांगावा धाडा. दोन-तीन घास लागलं तरी चालत्यात. फकस्त सकाळी, बदकं विकून झाल्यावर."

डब्यात भरलेलं कडू सारण गाडीला बांधून ती गेली. बदकं गल्लीच्या टोकापर्यंत ओरडत होती.

बिक-यूनं कमळबियांचं नवं पोतं ओढून आणलं. "आत्ती, चष्मा लाव. निम्म्या मी काढते."

"कोंब काढायला तुला बंदी न्हाय," आत्ती म्हणाली, "खायाला हाय." कोनाड्यातनं चष्मा घेतला. डोळ्यांच्या डॉक्टरानं दिल्यापासून तीन महिने तो तिथं नुसता पडून होता. पुसला, नाकावर चढवला. मग माझ्याकडं वळली. "आन् तू काय बगतूयास? चव न्हाय तर न्हाय, डोळं तरी हाईत न्हवं? सर आत, सुरी घे."

मी आत सरलो. तिनं माझ्यापुढं मूठभर बिया टाकल्या, स्वतः पहिली बी उचलली, मधोमध चिरली, आणि हिरवा कोंब नखानं काढून उजेडात धरला. बघितला, बशीत टाकला, दुसरी बी उचलली.