बुटका ट्रॅक्टर आणि थोरल्याची पाठ

भावकूला रिटायर होऊन दीड वर्ष झालं आणि तेवढ्यात त्याने घरातली उघडता येईल अशी प्रत्येक वस्तू एकदा तरी उघडून पाहिली. पंखे झाले, मिक्सर झाला, दारांच्या बिजागऱ्या काढून, ऑईल घालून परत बसवून झाल्या. शेजाऱ्याचा पंप नुसता खोकला तरी हा पाना घेऊन हजर. त्याची बायको गुणाबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, की कंपनीनं माणूस परत पाठवला, पण त्याचा बंद करायचा स्विच तिकडंच ठेवून घेतला. लोक हसायचे. भावकू हसायचा नाही, कारण त्याला खरंच बसवत नव्हतं.

चाळीस वर्षं त्याने बेळगावच्या उद्यमबागेत एका कारखान्यात हायड्रॉलिक सिलिंडर बनवले होते. जेसीबीचा हात ज्याच्या जोरावर वर जातो, टिपरचा हौदा ज्याच्या जोरावर मागे कलतो, ते सिलिंडर. सकाळी डबा घेऊन जायचं, दिवेलागणीला यायचं. हिंडलग्याच्या पलीकडचं हे गाव त्याच्यापुरतं झोपायचं ठिकाण होतं. दोघा भावांचं मिळून असलेलं शेत थोरला मष्णूच बघायचा, आणि भावकू सुगीला पोत्यांना हात लावायचा तेवढाच. गावात त्याला आजही ‘कंपनीवाला’ म्हणत, आणि ते त्याला लागायचं.

त्या उन्हाळ्याच्या तोंडाला मष्णूची पाठ गेली. मणक्याची चकती सरकली. डॉक्टरांनी सांगितलं, भरलेली घागरसुद्धा उचलायची नाही. मष्णूने ते ऐकून घेतलं, घरी आला आणि घरामागच्या परड्यातल्या शेणखताच्या खड्ड्याकडे बराच वेळ बघत उभा राहिला. वर्षभराचं खत कडेपर्यंत भरलं होतं. परड्यातून शेताकडे जाणारी वाट दोन माणसं शेजारून जातील एवढीच. तिथे ट्रॉली शिरत नाही, जेसीबीचं तर नाव नको. आजवर ते सगळं खत बुट्टीत भरून मष्णूच्या डोक्यावरून शेतात गेलं होतं. पोरं शहरात नोकरीला, आणि डोक्यावरून खत वाहायला आता मजूर मिळत नाही.

मष्णूचं म्हणणं सरळ होतं. खत पडल्याशिवाय त्या भुईत तो भात पेरणार नाही. पावसाआधीच्या धूळपेरणीपर्यंत खड्डा रिकामा झाला तर ठीक, नाहीतर शेत शामूला वाट्याने द्यायचं. शामू हा वरच्या आळीतला कष्टाळू माणूस, त्याच्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. पण त्यांच्या घरची जमीन दुसऱ्याच्या हाती आजवर गेली नव्हती, आणि शेत गेलं तर मष्णू दिवसभर करणार काय, हे भावकूइतकं दुसऱ्या कुणाला कळणार?

त्यानंतर भावकूच्या डोक्यात जो किडा शिरला तो निघेना. परशराम नावाचा एक भंगारवाला त्याच्या ओळखीचा. त्याच्या आवारात, मोडक्या खाटांच्या मागे, एक बुटका ट्रॅक्टर पडलेला भावकूने कधीतरी पाहिला होता. बेळगावच्या कॅम्पातल्या कुठल्याशा बंगल्याच्या बागेसाठी पन्नास वर्षांपूर्वी परदेशातून आणलेला. उंची कमरेएवढी, रुंदी हातगाडीएवढी, आणि पुढे लोखंडी हातांवर एक बकेट. रंग कोणता होता हे सांगायला फक्त सीटखालचा लाल तुकडा शिल्लक होता. भावकूने टेप काढून रुंदी मोजली, घरी येऊन वाट मोजली, आणि दुसऱ्या दिवशी तो ट्रॅक्टर टेम्पोत घालून दारात आणला. गुणाबाईने कपाळाला हात लावला.

इंजिन गंजून पिस्टन जाम झाला होता. प्लग काढून भावकूने आत डिझेल ओतलं आणि चार दिवस ठेवलं. ते चार दिवस त्याने कसे काढले ते गुणाबाईलाच ठाऊक. रात्रीतून दोनदा उठून बॅटरी मारून बघायचा. पाचव्या दिवशी पुली हाताने फिरली. मग कार्बोरेटर निघाला, त्यात कुंभारमाशीने घर केलेलं. लोडरच्या सिलिंडरांचे रॉड खड्डे पडून वाया गेले होते, तेव्हा तो थेट जुन्या कारखान्यात गेला. तिथल्या पोरांनी ‘काका आले’ म्हणून लेथ मोकळा करून दिला. रॉड त्याने स्वतः कातले, क्रोम करून आणले, नवी सील घातली. पहिल्यांदा बकेट भरून उचलली तर मागची चाकंच हवेत गेली आणि भावकू सीटवरून पुढे घसरला. मग मागे वजन म्हणून गुणाबाईचा जुना दगडी रगडा तारेने बांधला. तो बांधताना ती काय काय बोलली ते इथे न लिहिलेलं बरं.

मष्णू रोज काठी टेकत यायचा, बघायचा, आणि काही न बोलता जायचा. भावकूला वाटायचं, एकदा खत वाहायला लागला की थोरला बोलेल. त्या एका शब्दासाठी त्याचा जीव वरखाली होत होता. यात दीड महिना गेला.

इकडे गावात वार सुरू झाले होते. लक्ष्मीच्या यात्रेआधी पाच आठवडे मंगळवार आणि शुक्रवार पाळायचे. त्या दिवशी शेतात कुणी पाऊल घालत नाही, जू बैलाच्या मानेवर चढत नाही, भुईला विश्रांती. लहान पोरालाही हे माहीत असतं. पण भावकूची चाळीस वर्षं कंपनीच्या सुट्टीवर गेलेली. वार घरात गुणाबाई पाळायची, हा डबा घेऊन कामावर जायचा.

चाचणीत फुटलेला तेलाचा होज पाईप बदलून झाला तो नेमका शुक्रवारी. आज कुठला वार हे भावकूला ठाऊक नव्हतं असं नाही. पण उद्यापर्यंत थांबायचं म्हणजे अख्खा एक दिवस बसायचं. त्याने मनाशी हिशेब मांडला: बैल नाही, नांगर नाही, भुई उकरायची नाही, नुसतं खत नेऊन ठेवायचं. यात वार कुठे मोडतो? गुणाबाई देवळात गेलेली. त्याने इंजिनची दोरी ओढली, आणि तिसऱ्या झटक्याला ट्रॅक्टर असा भडाडला, की वारामुळे चिडीचूप असलेल्या गावात तो शेवटच्या घरापर्यंत ऐकू गेला.

बकेट खतात घुसली, वर उचलली गेली, वाटेतून दोन्ही बाजूंना वीतभर जागा ठेवून ट्रॅक्टर शेतात पोहोचला. पहिली खेप पडली. दुसरी पडली. भावकूला वाटलं, आपण आत्ता कुठे ह्या गावचे झालो. तिसऱ्या खेपेला मान वर केली तर बांधावर वीस-पंचवीस माणसं उभी, आणि त्यांच्या पुढे काठी टेकून मष्णू.

मष्णू देवळाच्या पंचांत थोरला. वार मोडणाऱ्याचं अवजार यात्रा होईपर्यंत देवीच्या दारात ठेवायचं, ही गावची जुनी रीत. यात्रेला अजून बारा दिवस होते, आणि यात्रा झाली की लगेच पेरणी. बाकीचे पंच मष्णूकडे बघत होते. सख्ख्या भावाचा न्याय मष्णूनेच करावा असं त्यांनी ठरवलेलं दिसत होतं. त्याने ट्रॅक्टर देवळापुढे न्यायला सांगितलं.

“आण्णा, तुझ्याच पाठीसाठी केलं हे मी,” भावकू म्हणाला.

“माझ्या पाठीसाठी न्हाय रं,” मष्णू म्हणाला. “तुला बसवंना म्हणून केलंस. माझ्या पाठीसाठी केलं असतंस, तर उद्यापतोर थांबला असतास.”

भावकूला राग आला तो यासाठी, की ते खरं होतं. त्याने गुपचूप ट्रॅक्टर देवळापुढे नेऊन उभा केला आणि घरी येऊन तोंड फिरवून पडला. जेवला नाही.

शनिवारी उजाडता तो बुट्टी आणि खोरं घेऊन परड्यात उतरला. बासष्टाव्या वर्षी, जन्मात पहिल्यांदा, त्याने डोक्यावर खत घेतलं. पहिल्याच खेपेला बुट्टी कलंडली आणि ओलं खत मानेवरून पाठीत उतरलं. मष्णू पायरीवर येऊन बसला होता. त्याने आपल्या डोक्याचा टॉवेल सोडला, त्याची चुंबळ वळून भावकूच्या डोक्यावर नीट बसवली, आणि मान ताठ ठेवायची, नजर पायाशी नाही तर दहा पावलं पुढे, एवढं सांगितलं. त्या दिवशी वीस खेपा झाल्या. दुसऱ्या दिवशी मान वळेना, तरी पंधरा झाल्या. सोमवारी खड्ड्याचा जेमतेम एक कोपरा खाली गेला होता, आणि भावकू पायरीवर येऊन टेकला होता.

त्या दुपारी मष्णू वरच्या आळीला जाऊन शामूला सांगून आला, की औंदा शेत द्यायचं नाही. खत पडेल तेवढ्यात पेरू, उरलेलं पुढच्या साली. परत येऊन तो भावकूच्या शेजारी पायरीवर बसला. कामाच्या वेळी दोघं भाऊ असे शेजारी बसल्याचं कुणालाच आठवत नव्हतं. भावकूच्या डोक्यातली गडबड प्रथमच जरा थांबली होती, आणि नेमकं तेव्हाच मष्णूने विचारलं, त्या बकेटात बुट्ट्या किती मावतात?

“सहा. दाबून भरल्या तर सात.”

मष्णू खड्ड्याकडे बघत राहिला. तो मनात वर्षं मोजत होता की बुट्ट्या, कोण जाणे.

“आन् ती उचलायची नळकांडी तू कंपनीत किती वर्सं करत हुतास?”

“चाळीस.”

“व्हय,” मष्णू म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, आणि तेच भावकूला सोसेना. “मग हिकडं आणायला लई उशीर केलास बघ.”

साऱ्या मुलखाचं ओझं उचलणारे सिलिंडर भावकूने बनवले होते, आणि दरवर्षी खताच्या दिवसांत संध्याकाळी घरी आल्यावर थोरल्याच्या डोक्यावरची बुट्टी बघितली होती. कधी म्हणजे कधीच मनात आलं नव्हतं. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तसा तो उठला, चुंबळ डोक्यावर ठेवली आणि बुट्टी भरायला खड्ड्यात उतरला. मष्णूने त्याला थोडं बस म्हटलं, पण तो काही बसला नाही.