गिटारमध्ये खर्रा घोटणारा

या सदरातले अनुभव मी आजवर वाचले ते हसण्यासाठी. खोटं कशाला बोलू... पिंपळ, अमावस्या, पांढरी साडी आली की मी सरळ पान उलटतो. आमच्या घरी भुताचं नुसतं नाव काढलं तरी बाबा ताटावरून उठवायचे. पुढे इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केल्यावर तर मला प्रत्येक विचित्र आवाजामागे लूज कनेक्शनच दिसायला लागलं. माझ्या अनुभवात साडी-बिडी काही नाही. थुंकी आहे. जेवत असाल तर जेवून घ्या आणि मग वाचा.

मी वणीचा. खाणीच्या वर्कशॉपमध्ये कंत्राटी इलेक्ट्रिशियन आहे, आणि रविवारी हेवी मेटल वाजवतो. हसू नका. दिवसभर कोळशाच्या ट्रकांची घरघर ऐकत वाढलेल्या पोरानं दुसरं काय वाजवायचं? आम्ही तिघं — गिटारवर मी, ड्रमवर राठोड आणि गायला संदेश. संदेश माझा पहिलीपासूनचा दोस्त. मेटलमध्ये गायचं म्हणजे पोटातून घोगरी गर्जना काढायची, आणि ती संदेशसारखी काढणारा यवतमाळ जिल्ह्यात दुसरा नसेल. त्याच्याच घराच्या माडीवर टिनाची खोली आहे. भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवून आम्ही ती आवाजबंद केली होती (त्यातल्या काही ट्रेंना अजून वास येतो). दर रविवारी दुपारी दोन ते पाच.

आता खर्रा. बाहेरच्या लोकांना सांगतो — सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत टाकून तळहातावर घोटतात, त्याला आमच्याकडे खर्रा म्हणतात. ती पन्नी घोटताना खस्-खस्-खस् असा आवाज येतो, आणि तो आवाज मला सहन होत नाही. त्याला कारण आहे. एकदा बाईकवर ट्रकच्या मागे असताना ड्रायव्हरनं खिडकीतून पिचकारी मारली, ती थेट माझ्या चेहऱ्यावर. कोमट होती. मी रस्त्याच्या कडेला गाडी लावून ओकलो. तेव्हापासून जिन्यातले लाल कोपरे, ऑफिसच्या बेसिनमधला तो चोथा, तोंडात गोळा धरून वर तोंड करून बोलणारी माणसं... मला माणसाच्या तोंडाचीच शिसारी बसली आहे.

आणि तरीही संदेशचा खर्रा मीच आणायचो! प्रॅक्टिसला येताना चौकातून त्याच्यासाठी दोन पुड्या घ्यायच्या, चिमटीत धरून, बॅगच्या बाहेरच्या कप्प्यात टाकायच्या. "खर्रा नसला तं आवाजच नाई निघत बे," म्हणायचा तो. मला किळस यायची आणि मी आणायचो.

तीनेक वर्षांपूर्वी आमच्या बँडचं बिघडलं. रेकॉर्डिंग ऐकलं की संदेशचे शब्दच कळायचे नाहीत. एका स्पर्धेला पाठवलं तर उत्तर आलं — गायक ऐकू येत नाही. मी म्हटलं, दोष माझ्या गिटारचा. गिटारला तारांखाली पिकअप असतो — चुंबकांभोवती केसाहून बारीक तांब्याची तार हजारो वेढे गुंडाळलेली असते, वरची तार थरथरली की तो ते अँपला, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या डब्याला, कळवतो. माझ्या स्वस्तातल्या गिटारचा पिकअप गढूळ होता. मधला, ना जाड ना बारीक असा आवाज नुसता फुगवायचा, आणि माणसाचा गळा नेमका त्या मधल्याच पट्ट्यात असतो. म्हणजे पिकअप बदलला की संदेशला जागा मिळेल... इतकं सोपं गणित.

मी वेडाच झालो. सिरॅमिक चुंबकाचा घ्यावा की अल्निकोचा? सिरॅमिक कडक, चिरणारा, रिफ (गिटारची परत परत येणारी ओळ) खटाखट तोडतो. अल्निको गोड, पण आमच्यासारख्या खालच्या ट्यूनिंगला त्याचं पिठलं होतं. रात्रंदिवस मी तेच वाचत होतो. शेवटी सिरॅमिक मागवला.

बसवला त्या रविवारी पहिलं गाणं संपलं, मी तळहातानं तारा दाबून धरल्या, आणि अँपमधून आवाज आला.

खस्... खस्... खस्...

राठोड गाणं संपताच पाणी प्यायला खाली गेला होता. मी संदेशकडे वळलो. "घोटून राह्यला का बे? निदान प्रॅक्टिस संपू दे ना!"

"माह्या हातात काय हाये? पाह्य ना." त्यानं दोन्ही रिकामे हात दाखवले.

मग ओलं चावणं. गालातल्या गालात चोथा फिरवणं, लाळ सुरसुर ओढणं. आणि शेवटी — पिच्च. इतकं जवळ, इतकं ओलं, की मी नकळत गाल पुसला.

माझ्या डोक्यात लगेच उत्तर तयार होतं. पिकअपचे वेढे सैल असले तर तो माइकसारखा वागतो, आजूबाजूचं बोलणंसुद्धा ओढतो. माल खराब निघाला, बस. अर्थिंग तपासली, केबल बदलली, पंखा बंद केला, तिघांचे मोबाइल खाली ठेवून आलो. तरी पुढच्या रविवारी खस् खस्. संदेश समोर खुर्चीत, तोंड मिटून. मग एक फोन वर आणून रेकॉर्ड केलं तर नुसती सळसळ.

मी एक जुना अल्निको मिळवला. त्याची तार तुटली होती, म्हणून पंपाच्या मोटारी वाइंड करणाऱ्या बंडूभाऊंकडे नेला. "एवढीशी तार? भाऊ, हे मोटर हाये का मच्छर?" असं म्हणत त्यांनी बिचाऱ्यांनी दोन दिवस खपून वेढे भरले. घरी आणून मी स्वतः तो वितळलेल्या मेणात बुडवला, बुडबुडे थांबेपर्यंत. आता एक वेढा हलायचा नाही. त्याच्यासमोर ओरडून पाहिलं तर अँप गप्प. कामावरून आल्यावर तीन संध्याकाळी एकटा वाजवत बसलो, काही नाही.

रविवारी संदेश खोलीत आला, खुर्चीत बसला. पिच्च.

मला भीती नव्हती हो वाटत. घाण वाटत होती. गिटार हातात धरवेना. घरी येऊन मी तारा स्पिरिटनं पुसल्या, हात दोनदा साबणानं धुतले, तरी जेवताना बोटांना तो गोडसर, चुन्याचा वास येतोय असं वाटायचं. आई म्हणाली, "काहून नाई जेवत?" काय सांगणार तिला!

तिसरा उपाय म्हणून बॅटरीवर चालणारा पिकअप घ्यायचं ठरलं. तो येईपर्यंत दोष नेमका कुठे आहे हे एकदाचं बघावं म्हणून मी त्या रविवारी जुना पिकअप काढूनच टाकला. गिटारच्या अंगात नुसता चौकोनी खड्डा. केबल लावायच्या जॅकची दोन्ही टोकं एकमेकांना जोडून सोल्डरचा डाग दिला. इलेक्ट्रिकलवाल्यांना कळेल — अशा गिटारमधून काहीही जाणं शक्यच नाही. तिच्या जागी लाकडाची फळी जोडली असती तरी चाललं असतं. केबल लावली, अँपचा आवाज पूर्ण उघडला. राठोड ड्रमवर, संदेश खुर्चीत.

खस्... खस्... राठोडच्या हातातली काठी खाली पडली. मग चावणं. मग पिच्च.

आणि मग, पहिल्यांदाच, आवाज तिथे थांबला नाही. "आ..." असं काहीतरी आलं. डॉक्टर आ करायला सांगतात ना, तसं करायचा कोणीतरी प्रयत्न करत होता आणि जबडा उघडत नव्हता. दातांमागे आवाज अडलेला, लाळेत बुडलेला. "आं... आं..." जोर लावून, परत परत.

राठोड "बंद कर! बंद कर!" ओरडत होता. मी संदेशकडे पाहिलं. त्याचा चेहरा पांढरा पडला होता, आणि तो अँपकडे नाही, माझ्याकडे बघत होता. चोरी पकडल्यावर बघतात तसा.

मी अँप बंद केला. "संद्या, तोंड उघड."

"कायले?"

"उघड म्हणतो ना!"

त्यानं उघडलं. उघडलं म्हणजे काय... दीड बोट. माझी दोन बोटंसुद्धा उभी जाईनात. मोबाइलचा उजेड आत टाकला तर गाल पांढरट, टायरच्या ट्यूबसारखा ताठ, आणि डावीकडे मागे एक खरबरीत चट्टा. वास आला. मला ओकारी आली, मी ती गिळली, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या किळसेची मला लाज वाटली.

"कधीपासून?"

"दोन वर्ष झाले. तिखट लागलं का आग होते. माय भात पातळ करून देते."

"काहून नाई सांगतलं बे?"

तो जमिनीकडे बघत म्हणाला, "सांगतलं असतं तं तू दुसरा गायक पाह्यला असता."

ते खरं होतं.

दुसऱ्याच दिवशी त्याला नागपूरला घेऊन गेलो. चट्ट्याचा तुकडा कापून तपासायला पाठवला. कॅन्सर नुकता सुरू झाला होता. ऑपरेशन झालं, गालाचा आतला भाग काढावा लागला. डॉक्टर म्हणाले, आणखी काही महिने गेले असते तर जबडा काढावा लागला असता, आणि त्यानंतरचं सांगता येत नाही. आता तो रोज दातांमध्ये आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक रचून तोंड उघडायचा व्यायाम करतो. गर्जना गेली ती गेलीच. पण पोळी खातो, आणि खर्रा सुटलाय.

मी पिकअप परत बसवला. संदेशला समोर बसवून, अँप उघडून आम्ही तिघंही कितीदा तरी ऐकत बसलो. काही नाही. त्या रविवारी जोडलेल्या टोकांतून आवाज कसा आला, कुणाचा आला, संदेश खोलीत असतानाच का यायचा... मी दोन सीनियर इंजिनीयरांना नावं न घेता विचारलं. दोघंही म्हणाले, असं होत नाही. मला ते आधीच माहीत होतं.

एक गोष्ट मात्र सांगायची राहिली. नागपूरला डॉक्टरांनी विचारलं होतं, "वेळेवर आणलंत. लक्षात कोणाच्या आलं?" संदेशच्या आईनं माझा हात धरून पुढे केला. "ह्या पोराच्या. ह्यानंच पाह्यलं, साहेब." डॉक्टरांनी माझी पाठ थोपटली. मी मान डोलावली. तेव्हापासून काकू सगळ्या मोहल्ल्यात तेच सांगतात, आणि दर रविवारी मला जेवायला बसवतात, पहिलं ताट माझं. समोर संदेश बारीक घास करून खात असतो. दोन वर्षं त्याचं तोंड माझ्या डोळ्यांसमोर मिटत गेलं आणि मी चुंबकं निवडत बसलो होतो, बॅगेत त्याचा खर्रा घेऊन. ज्यानं पाहिलं तो मी नव्हतो. काकू वाढत राहतात, "घे ना रे, लाजू नको," आणि मला घास गिळवत नाही.