लोहाऱ्याचा पत्ता

सख्ख्या बहिणीलाही मी हे सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतेय – ते मलाही नीट ठाऊक नाही.

पांढरकवड्यात मी घरी ब्लाऊज शिवते. आमचे हे हैदराबाद रोडवर ट्रक चालवतात. कितीतरी वर्षं ते प्यायले. त्या दिवसांचं सांगत बसत नाही. ज्या घरात हे असतं त्याला ते माहीत असतं. मग कुणीतरी यांना रविवारच्या मीटिंगला नेलं. दारू सोडलेली आणि सोडू पाहणारी माणसं शाळेच्या एका खोलीत बसतात. बाहेर पाटी नाही. ज्याला जायचं, त्याला कुणाला तरी विचारूनच जावं लागतं.

माझा विश्वास बसला नाही. एवढे पिणारे एका खोलीत बसून काय करणार? एकदा मी यांच्या मागोमाग गेले, खिडकीतून पाहिलं. चहा होता. एक म्हातारा रडत होता आणि बाकीचे गप्प ऐकत होते. तरी घरी आल्यावर मी यांच्या तोंडाचा वास घेतलाच. वर्ष उलटलं तरी घेतच होते. खिसे चाचपायचे. फोन वाजला की दाराआड उभी राहायचे. यांचा जुना नंबरही मीच बदलायला लावला – उत्तमभाऊंचा फोन येऊ नये म्हणून.

उत्तमभाऊ यांचे जोडीदार, तेही ट्रकवरच. दोघं एकाच ढाब्यावर उतरायचे, एकाच बाटलीतली प्यायचे. यांना नादी लावलं ते त्यांनीच, असं मी धरून चालले होते. खरं तर कोणी कोणाला लावलं – कुणी पाहिलंय?

एका दुपारी ते दारात आले. हे आदिलाबादकडे गेले होते. उत्तमभाऊंनी दाढी केलेली, शर्टाला इस्त्री. खाली पाहत म्हणाले, "वैनी, ते मीटिंग कुठी भरते वो? मले जायचं आहे."

माझ्या मनात पहिलं काय आलं? सोंग आहे. दोन रविवार बसतील, तिसऱ्या रविवारी यांना उठवून ढाब्यावर नेतील. इस्त्रीचा शर्ट पाहून तर जास्तच वाटलं – या माणसानं कधी इस्त्री केली होती?

मी म्हटलं, "इथली बंद झाली भाऊ. आता लोहाऱ्याले भरते म्हणतात, यवतमाळजवळ. तिकडं जाऊन विचारा."

लोहाराच का? दूर आहे. कारखान्यांचा भाग. तिथं कुणी दिवसभर विचारत फिरलं तरी हाती काही लागणार नाही. एवढं सगळं मला उभ्या उभ्या सुचलं. "बरं झालं वैनी, तुम्ही सांगतलं," म्हणून ते गेले.

इथवर मी स्वतःला समजावते – संशय होता, घर वाचवायचं होतं. पण एक गोष्ट मी गाळली. मी त्यांना पाणी दिलं होतं. पेला धरलेला हात असा थरथरत होता की अर्धं पाणी शर्टावर सांडलं. तसला हात मी घरात पाहिला होता. सोडल्यानंतरचे पहिले काही दिवस यांना वरण-भात मी चमच्यानं भरवलाय. म्हणजे मला कळलं होतं. माणूस प्यायलेला नाही, खरंच आलाय – हे मला दारातच कळलं होतं. आणि तरी मी लोहारा सांगितलं.

पुढं काही दिवसांनी हे तोंड पाडून घरी आले. टपरीवर उत्तमभाऊ भेटले होते, प्यायलेले. मीटिंगला चल म्हटल्यावर ते यांच्यावरच उखडले – गेलो होतो, दिवसभर लोहाऱ्यात फिरलो, लोक हसले मले, तुह्याच बायकोनं पत्ता देल्ता.

"तू त्याले लोहारा सांगतलं का?" यांनी विचारलं.

तेव्हा तरी? नाही. मशीनवरून मान वर न करता मी म्हटलं, "ते आलेच नाही आपल्या घरी. पेलेल्या माणसाच्या बोलण्यावर कायले जाता?"

यांनी चपला काढल्या, भिंतीला टेकून बसले. मग म्हणाले, "खरं आहे. मीबी असाच बोलत होतो. सारं तुह्यावर ढकलत होतो."

माझ्या बायकोचं नाव घेतो, आता त्याचं तोंड पाहणार नाही, असंही म्हणाले. आणि पाहिलं नाही. उत्तमभाऊंचा हात धरून त्या खोलीपर्यंत नेणारं दुसरं कोण होतं?

त्यांची बायको, सुनंदा, माझ्याकडेच ब्लाऊज टाकायची. मुलींना घेऊन माहेरी जायच्या आधी ती शिवलेले न्यायला आली. म्हणाली, "एकदा सोडतो म्हनलं होतं वो ताई त्यायनं. आंघोळ करून निघाले होते. मले वाटलं, आता –" मी काय केलं? घड्या घालून ब्लाऊज तिच्या हातात दिले. बाही सैल हवी का, तेवढं विचारलं.

सुनंदा परत आलेली नाही. उत्तमभाऊ अजून पितात. यांना आजही वाटतं, ते खोटं बोलले.

ते खरं बोलले होते.