फी नाही, पण ओळख लागते

मी आपल्या मराठी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर फारसं लिहीत नाही, पण आज राहवलं नाही.

जर्मनीत ब्राउनश्वाइगला माझं मास्टर्स अडलंय. सक्तीचं प्राक्टिकुम, म्हणजे कंपनीतली इंटर्नशिप, मिळत नाही आणि त्याशिवाय थीसिस सुरू करता येत नाही. आज विद्यापीठातल्या सल्लागार बाईंना भेटले. त्या सहज म्हणाल्या, "वडिलांना विचारा ना, बऱ्याच जणांचं घरूनच जमतं."

सोबत आलेला वर्गमित्र लुकास हसला. "गेनाऊ, अगदी बरोबर. माझ्या बाबांनी एक फोन केला, झालं."

माझे बाबा मिरजेत एसटीचे कंडक्टर होते. गेल्या महिन्यात गेले.

शिक्षण सगळ्यांना फुकट, हे इथे सारखं ऐकवतात. पण बाबा असते, तरी त्यांनी फोन कोणाला केला असता?

तुमच्यापैकी कोणाला ओळखीशिवाय जागा मिळाली का? कशी, ते सांगाल?