गिरमिट तिरपं गेलं

सुताराच्या दुकानातला भुसा रोज संध्याकाळी झाडता येतो, शेगडीत भरून त्यावर चहाही होतो. किस्से मात्र झाडून जात नाहीत. आमच्या दुकानातले निम्म्याहून अधिक तर माझ्याच नावावर जमा आहेत, तेव्हा दुसऱ्या कुणी तिखटमीठ लावून सांगण्याआधी मीच सांगितलेले बरे!

दुकान राहुरीत, माझ्या दाजींचं. एकाहत्तर सालच्या आसपासची गोष्ट. आम्ही तिघं: दाजी मालक, इस्माईलभाई पॉलिशवाले आणि मी. विजेचं ड्रिल आमच्यात कुणाकडे नव्हतं. हातानं फिरवायचं गिरमिट आणि डोळ्याचा अंदाज, एवढ्यावर सगळा कारभार.

आणि माझा अंदाज थोर! कपाटाच्या बाजूच्या फळीतून आतल्या कप्प्याच्या कडेत स्क्रू सरळ शिरायला हवा. माझं भोक तिरपं जायचं आणि स्क्रूचं टोक कप्प्यातून बाहेर डोकवायचं.

दाजी म्हणायचे, "सुभ्या, सगळं गाव रस्त्यानं चालतं, तुजा स्क्रू बांधावरनं!"

हसण्यावारी नेलं असतं. पण अकोले तालुक्यातल्या एका सुताराच्या मुलीशी माझं लग्न जुळवायचं चाललं होतं. तिला मी एका लग्नात पाहिलं होतं आणि साफ गारद झालो होतो. तिच्या वडिलांनी, अण्णांनी, दाजींना एकच अट घातली होती.

"पोरगं सुतार हाय का नुसतं सुताराघरचं, ते त्याचं कपाट सांगंल. एक कपाट त्यानं एकट्यानं करावं. मी बघंन, मग बोलू."

माझी झोपच उडाली. हात बसावा म्हणून दिसेल त्या फळीला मी भोकं पाडत सुटलो.

*

एकदा एका गुरुजींचं कपाट न्यायला तयार होतं. गुरुजींनी दार उघडून आत डोकावलं. वरच्या कप्प्यातून माझा स्क्रू चांगला पेरभर बाहेर आलेला.

"ही आत खुंटी कशाला?" गुरुजींनी विचारलं.

मी पक्कड शोधू लागलो. दाजी मात्र गंभीरपणे म्हणाले, "टोपीसाठी, गुरुजी. मास्तर लोकांच्या कपाटाला आमी देतो."

गुरुजी खूश! पुढच्या आठवड्यात त्यांच्याच शाळेतले दुसरे मास्तर आले. "मलाही कपाट हवंय. खुंटीवालं."

*

समोर उभं राहिलं की गिरमिट डावी-उजवीकडं कललेलं दिसतं, पण पुढं-मागं कललेलं दिसत नाही. म्हणून बाजूला एक माणूस उभा करायचा आणि तो सांगेल तसं धरायचं. माझ्यासाठी इस्माईलभाई उभे राहायचे.

एकदा मी मान खाली घालून गिरमिट फिरवतोय. भाई सांगतायत, "थोडं मागं घे... आनखी मागं... आता डावीकडं दाब... अजून!"

मी दाबत गेलो. इतकं कशाला कलवायला सांगतात, अशी शंका आली. पण मोठ्या माणसाच्या शब्दाबाहेर जायचं कसं? शेवटी भाई ओरडले, "बास! झकास!" मी मान वर केली. भाईंची पाठ माझ्याकडं. ते दारात लाकडं घेऊन आलेल्या बैलगाडीवाल्याला सांगत होते!

गाडी अगदी सरळ आत आली. भोकाचं काय झालं ते विचारू नका.

*

मग मी ठरवलं, भोक सरळ जायचं तर जोर कमी पडता कामा नये. एका कपाटाच्या तळाला असा काही जोर लावला की ज्याचं नाव ते.

गिऱ्हाईक टेम्पो घेऊन आलं. चौघं लागले, कपाट हलेना. गिऱ्हाईक बायकोला म्हणालं, "बघ, अस्सल सागवान! वजन बघ!"

पुन्हा चौघांनी 'हेऽऽ' करून उचललं. कपाट वर आलं, आणि त्याच्याबरोबर आमचं कामाचं बाकडंही! तळाचे सगळे स्क्रू मी खालच्या बाकड्यात घट्ट बसवले होते.

दाजी म्हणाले, "आता लगीन बाकड्याशीच लावतो तुजं."

*

अखेर अण्णांच्या अटीचं कपाट केलं. एकट्यानं करायचं, म्हणून बाजूला माणूस नाही. काटकोन तपासायचे दोन गुण्ये घेतले, एक समोर, एक बाजूला उभा केला आणि दोन्हींकडं बघत गिरमिट धरलं. भोकं अशी सरळ गेली की मलाच खरं वाटेना! शेवटच्या भोकाला मात्र डोळ्यांपुढं मांडव आला. गुण्या कधी कलंडला ते कळलं नाही. स्क्रूचं टोक कप्प्यातून बाहेर!

घासून टाकायला कानस शोधतोय, तोच अण्णा दारात. शिर्डीला निघाले होते, मुद्दाम वाट वाकडी करून आले. मागं बायको आणि मुलगी.

अण्णांनी कपाट उघडलं. एकेक कप्प्यावरून तळहात फिरवला. शेवटच्या कप्प्यावर हात थांबला. बोटावर रक्ताचा ठिपका आला.

"हे काय?"

"भोक... जरा तिरपं गेलं," मी म्हणालो.

दाजींनी खाली पाहिलं. अण्णांनी बोट पुसलं आणि बायकोला म्हणाले, "चला. शिर्डीची गाडी गाठायची हाय."

संपलं सगळं!

इतका वेळ मान वर न केलेली मुलगी हळूच म्हणाली, "अण्णा, तुमीच केलेल्या आपल्या कपाटातल्या स्क्रूनं तर आईचं लुगडं फाटलं हुतं."

इस्माईलभाई पॉलिशचं फडकं तोंडाला लावून भिंतीकडं वळले. तिची आई छताकडं बघू लागली.

अण्णांनी परत येऊन कपाटाचं दार लावलं. उघडलं. पुन्हा लावलं.

"दार मातर झ्याक बसलंय," ते दाजींना म्हणाले. "आता बोलू."