मुशी आणि पाकोळी

कारखान्यात मी जन्मभर पंप चालवले. शाळा चौथीपर्यंतच, पण पंपाचं मला कोणी शिकवायचं कारण नाही. निवृत्त झालो तेव्हा इकडे गुजरातेत, आमच्या गोत्री भागात, घरोघरी केबल येत होती. नात इंग्रजी शाळेतली. टीव्हीवरचं इंग्रजी ती मला मराठीत सांगायची.

एकदा माको नावाचा शार्क दाखवला. शार्क म्हणजे आमच्या रत्नागिरीकडची मुशी. तोवर मी ती ताटातच पाहिलेली. हा गडी मात्र थांबतच नाही. पोहत राहिला तरच कल्ल्यांतून पाणी वाहतं, थांबला की गुदमरला. वेगळा पंप नाही, अंगच पंप. मी मान डोलावली, पण नातीला सांगितलं, आपली पाकोळी, ते छताच्या कोपऱ्यात घरटं करणारं काळं पाखरू, याच्या वरताण आहे. पाय नुसते भिंतीला लटकण्यापुरते. फांदीवर बसणं नाही, तारेवर नाही. खाणंपिणं सगळं उडता उडता. नात माशाच्या बाजूची. आठवडाभर आमचं जुंपलेलं.

मग एका सकाळी आमच्या जिन्यात पाकोळीच पडलेली सापडली. एवढे लांब पंख, पण फरशीवर नुसती फडफडत होती. सुनेनं बुटांच्या खोक्यात कापूस घातला. शेजारचे गुजराती भाई म्हणाले, दोन दिवस आराम द्या, काका. नातही त्यांच्यातच.

मी तिला म्हणालो, "मुशीला आराम म्हणून बादलीत ठेवशील का?"

खोकं तिनंच अगाशीवर, गच्चीत आणलं.

पाकोळी तळहातावर ठेवून मी हात कठड्याबाहेर धरला. सपाटीवरून तिला उठता येत नाही, झेपेला खाली मोकळी जागा लागते. फेकायची नाही, तिची तिला जाऊ द्यायची. ती बसूनच राहिली. तिचं काळीज माझ्या हातात धडधडत होतं. सून म्हणाली, बाबा, ऊन लागेल, चला खाली. भाई दोनदा बघून गेले. हात खांद्यातून भरून आला, तरी मागे घेतला नाही. खरं सांगतो, भीती मलाही होती. माझं चुकलं, तर नातीच्या देखत ती तीन मजले खाली पडून मरणार.

मग ती थरथरली आणि निघाली. सरळ खालीच गेली. नातीनं डोळे मिटले. खालच्या स्कूटरींना पोट घासेल इतकी उतरली, आणि तिथून जी वळली ती पाण्याच्या टाकीवरून थेट इतर पाकोळ्यांत.

"आजोबा, आपली कुठली?"

मी त्यातल्या एका पाकोळीकडे बोट दाखवलं. वर सगळ्या सारख्याच दिसत होत्या, पण ती तीच होती.